वॉर्डातला कागद गेला तेव्हा

आधीच सांगून टाकते, मी कंप्युटरवाली नाही. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून एकोणीस वर्षं झाली, त्यातली अकरा मेल मेडिसिन वॉर्डात, शेवटची पाच इन्चार्ज म्हणून. आमचं हॉस्पिटल ट्रस्टचं, कर्नाटकच्या हद्दीजवळचं, दोनशेच्या आसपास बेड. निम्मे पेशंट मराठी बोलणारे, निम्मे कानडी, आणि पाटील दोन्हीकडचे. या पाटलांचा विषय पुढे येणार आहे.

तर औषधांचं सगळं काम कागदावरून स्क्रीनवर नेलं त्या दीड वर्षाबद्दल लिहितेय. नवीन पोरींना वाटतं हे असंच होतं पहिल्यापासून. नव्हतं बायांनो.

पूर्वी कसं चालायचं ते बघा. सकाळी राऊंड, कन्सल्टंट बोलणार, आरएमओ, म्हणजे वॉर्डातला ज्युनियर डॉक्टर, ट्रीटमेंट शीटवर खरडणार, ते आम्ही कार्डेक्सवर, म्हणजे सिस्टरांच्या पेशंटवार कार्डावर, उतरवणार, मग त्यातलं लागेल ते इंडेंट बुकात, म्हणजे औषधं मागवायच्या वहीत, मग वॉर्डातले मामा ती वही काखेत मारून फार्मसीत जाणार आणि तिथला मुलगा तेच परत बिलिंगला टाईप करणार. एक औषध, चार जागी, चार हातांनी लिहिलेलं. अक्षराबद्दल तर बोलायलाच नको. २०१६ मध्ये मेडिकल कौन्सिलने नियमच केला की औषधाचं जेनेरिक नाव, वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटलमध्ये लिहा. आमच्याकडे तो नियम फ्रेम करून ओपीडीत लावला होता आणि त्याच्याच खाली बसून डॉक्टर गांडुळं काढायचे. सगळ्यात भीती इन्सुलिनची. दहाच्या पुढे युनिटसाठी इंग्रजी यू काढला आणि तो वरून जरा मिटला की झाला शून्य, दहाचे शंभर. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका सीनियर सिस्टरने असा एक डोस सिरिंजमध्ये भरलेला, टोचायच्या आधी तिलाच शंका आली म्हणून वाचलो. तेव्हापासून मी यू लिहीत नाही, युनिट असं पूर्ण लिहिते.

त्यामुळे मॅनेजमेंटने सांगितलं की आता ऑर्डर कंप्युटरवर, डोस दिल्याची सहीपण कंप्युटरवर, तेव्हा मला खरंच आनंद झालेला. मीटिंगमध्ये पेशंट सेफ्टी, पेशंट सेफ्टी असं शंभरदा झालं, एनएबीएचचं, म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जाच्या सर्टिफिकेटचं, रिन्यूअल पण जवळ आलेलं. नंतर अकाउंट्सवाल्यांकडून कळलं की खरं दुखणं वेगळं होतं, वॉर्डात वापरलेली औषधं बिलात चढत नव्हती, पैसे गळत होते. माझं म्हणणं एवढंच की तेही सांगायचं होतं ना तोंडावर. पैसे गळतायत हे कारण काही पाप नाही. पण एक सांगायचं आणि मनात दुसरं ठेवायचं, याचा सिस्टर लोकांना लगेच वास येतो, आणि मग पुढचं प्रत्येक वाक्य संशयाने ऐकलं जातं. "हे आपल्या चुका मोजायला आणलंय" ही बातमी पहिल्या आठवड्यातच चेंजिंग रूममध्ये फिरली.

ट्रेनिंग दोन तास, ऑडिटोरियममध्ये, एसी लावून. कंपनीचा मुलगा आला, हुशार होता, बोलायला गोड. त्याने 'टेस्ट पेशंट'ला पॅरासिटामॉल लावून दाखवलं, आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या टेस्ट पेशंटला एकच औषध होतं. आमच्या वॉर्डात साठीच्या पुढचा डायबेटिस, बीपी, किडनीवाला माणूस बारा-चौदा औषधांवर असतो, मध्येच एनपीओ (तोंडाने काही द्यायचं नाही) होतो, मध्येच डायलिसिसला जातो, त्याचं काय करायचं हे कोणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. नाईटच्या मुली तर ट्रेनिंगला नव्हत्याच, त्या झोपलेल्या. त्यांना व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवली.

आणि गो-लाईव्ह, म्हणजे प्रत्यक्ष सुरुवात, कधी ठेवलं तर ऑगस्टमध्ये. डेंग्यू, लेप्टो, कॉरिडॉरमध्ये जादा खाटा, त्यात गणपतीच्या सुट्ट्यांचे अर्ज. मेट्रन मॅडमनी सांगून पाहिलं की दिवाळीनंतर करा, पण तारीख वरून ठरलेली.

पहिला घोळ फार्मसीत झाला आणि तो आम्हाला दिसला पण नाही, भोगावा मात्र लागला. आयटम मास्टर म्हणतात त्याला, म्हणजे सगळ्या औषधांची यादी. आपल्याकडे एका मॉलिक्यूलचे ढीगभर ब्रँड, आणि जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरमधली यादी तशीच्या तशी उचललेली, त्यात एकच गोळी चार स्पेलिंगने. फार्मसीच्या इन्चार्ज मॅडम रोज संध्याकाळी सातपर्यंत बसून ती साफ करत होत्या आणि त्यांना या कामासाठी एक माणूस जादा दिला नाही. डॉक्टरने इंग्रजीत मेट एवढी तीन अक्षरं मारली की मेटफॉर्मिन, मेट्रोनिडाझोल, मेटोप्रोलॉल अशी रांगच उभी राहायची, आणि त्याच रांगेत मेथोट्रेक्सेट. संधिवाताला हे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच देतात. पण सिस्टिममध्ये काही निवडलं नाही तर फ्रिक्वेन्सी आपोआप ओडी, म्हणजे रोज एकदा. दुसऱ्याच आठवड्यात एका आजोबांची अशी ऑर्डर पडली, रोज एक, सात दिवस. फार्मसीच्या मॅडमनी पकडली म्हणून बरं. रोज गेलं असतं तर तोंडात फोड आणि मग रक्तातल्या पेशीच खाली. कागदावर आरएमओला "आठवड्यातून एकदा" असं हाताने लिहायला लागायचं, तेव्हा डोकं चालायचं. स्क्रीनवर रकाना आधीच भरून आलेला असतो ना, हात नुसता पुढे जातो.

पण मला सगळ्यात जास्त छळलं ते पहिल्या डोसने. हे जरा नीट सांगते कारण बाहेरच्याला हे कळतच नाही. समजा सकाळी अकराला ताप, बीपी खाली, डॉक्टर म्हणाले अँटिबायोटिक चालू करा, बीडी, म्हणजे दिवसातून दोनदा. कागदाच्या जमान्यात सिस्टरने पहिला डोस लगेच ठोकला असता, बारा वाजता, आणि पुढचे डोस हळूहळू सरकवत आठ-आठवर आणून बसवले असते. हे कुणी शिकवलेलं नाही, कुठे लिहिलेलं नाही, सीनियरचं बघून येतं. नवीन सिस्टिमला बीडी म्हणजे सकाळी आठ आणि रात्री आठ, बस. अकराला ऑर्डर टाकली की पहिला डोस रात्री आठचा दिसायचा. आणि नवीन मुलगी ड्युटीवर असली की ती स्क्रीनचं ऐकणार, कारण ट्रेनिंगमध्ये तेच तर सांगितलेलं, स्क्रीन सांगेल तसं करा. एका सेप्सिसच्या (इन्फेक्शन अंगभर भिनलेल्या) पेशंटचं अँटिबायोटिक असंच संध्याकाळपर्यंत राहिलं. मी राऊंडला विचारलं तेव्हा पोरगी म्हणाली, "सिस्टर, ड्यू नाहीये अजून." तिची काय चूक सांगा. मी कंपनीच्या मुलाला फोन केला तर तो म्हणाला की मॅडम, स्टॅट, म्हणजे ताबडतोब, म्हणून वेगळी ऑर्डर टाकायची. बरोबर आहे त्याचं. पण ते डॉक्टरांना कुणी सांगितलंय?

त्यात पहिले तीन आठवडे पॅरलल रन, कागद पण आणि कंप्युटर पण. ऐकायला सेफ वाटतं. प्रत्यक्षात दोन वह्या, दोन खरं. मी स्वतः कशी फसले ते लिहिते, लाज वाटून उपयोग नाही. संध्याकाळी बाजूच्या सिस्टरने एका पेशंटला रक्त पातळ करणारं इंजेक्शन, एनॉक्सापॅरिन ४०, दिलं आणि कागदावर सही केली. ट्रॉलीवरचा लॅपटॉप चार्जिंगला होता, म्हणून स्क्रीनवर नंतर टाकू म्हणाली. मी हँडओव्हर घेऊन आले, स्क्रीनवर लाल, ओव्हरड्यू, म्हणजे डोस राहिलाय. मी इंजेक्शन भरलं, बेडजवळ गेले, शर्ट वर करा म्हटलं. ते काका शांतपणे म्हणाले, "अवो सिस्टर, मघाशी त्या दुसऱ्या बाईंनी टोचलं की पोटात." एकोणीस वर्षांचा अनुभव, लाखांचं सॉफ्टवेअर, आणि वाचवलं कुणी तर पेशंटने. तो शुद्धीत नसता तर? त्या दिवशी घरी जाऊन मी जेवले नाही.

हे मी इन्सिडेंट फॉर्ममध्ये लिहून दिलं. मेट्रन मॅडम म्हणाल्या, तुम्ही स्वतःचंच लिहिताय? म्हटलं हो, नाहीतर कोण लिहिणार. नंतर बाकीच्या पण लिहायला लागल्या, महिन्यात एवढे फॉर्म आले की आधी क्वालिटीवाले घाबरले, चुका वाढल्या म्हणून. वाढल्या होत्याच थोड्या, पण बऱ्याचशा आधीच्याच होत्या, फक्त आता दिसत होत्या.

डॉक्टरांची बाजू पण सांगते. आमचे सर्वात सीनियर फिजिशियन, सत्तरीकडे झुकलेले, पेशंट त्यांना देव मानतात, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मी टायपिस्ट नाही." मग काय, त्यांचा पासवर्ड आरएमओकडे, आरएमओने तो कागदावर लिहून मॉनिटरच्या मागे चिकटवलेला, आणि सर रात्री दहाला गावातल्या लग्नात जेवत असताना त्यांच्या नावाने धडाधड ऑर्डरी पडतायत. कायद्याने बघितलं तर केवढी भानगड. सगळ्यांना माहीत, कुणी बोलत नव्हतं. मला सरांचा राग यायचा. पण एकदा मी त्यांच्या शेजारी उभी राहून मोजलं, एका पेशंटचं जुनं औषध बंद करून नवीन लावायला सतरा क्लिक. चाळीस पेशंटचा राऊंड. त्यांचं चुकत होतं पण उगाच नाही चुकत होतं.

आणि ते अलर्ट! काहीही लावा, पिवळा चौकोन. ॲसिडिटीचं साधं पॅन्टोप्रॅझोल लावलं तरी चौकोन. डॉक्टर न वाचता एंटर मारायला शिकले, म्हणजे खरा धोक्याचा अलर्ट आला तरी त्याच वेगात एंटर.

पाटलांचं आता. एकाच वॉर्डात दोन सुनील पाटील, एकाच वयाचे, यादीत एकाखाली एक. यावर उपाय म्हणून हाताला बारकोडचा बँड, आधी बँड स्कॅन करायचा, मग औषध. कल्पना चांगली. पण बँड घामाने, पाण्याने ओला झाला की स्कॅनर वाचत नाही, रात्री दोनला पेशंट गाढ झोपलेला, हात पांघरुणात, बँड उलटा. मग आमच्या हुशार मुलींनी काय केलं, सगळ्यांचे जादा बँड प्रिंट करून औषधांच्या ट्रेमध्येच ठेवले, काउंटरवर बसून टुक टुक टुक सगळे स्कॅन. स्क्रीनवर शंभर टक्के स्कॅनिंग, मॅनेजमेंट खूश. आणि औषधाचा बारकोड तरी कुठला? आपल्याकडे स्ट्रिप कापून दोन गोळ्या देतात, त्या तुकड्यावर नाव असलं तर नशीब. मला हे कळलं तेव्हा मी आधी ओरडले. पण मग नाईट ड्युटीला बत्तीस पेशंट आणि दोन सिस्टर, त्यातल्या एकीने प्रत्येकाला उठवून स्कॅन करायचं म्हटलं तर सहाचे डोस आठला संपतील, हे मला माहीत होतं की. मी पण त्या जागी होते ना कधीकाळी.

अजून एक गोष्ट कुणाच्याच डोक्यात नव्हती, ती म्हणजे इंडेंट बुकवाले मामा. वही बंद झाली, मामांची फार्मसीची फेरी बंद झाली. पूर्वी मामा फार्मसीतून नुसती वही-ट्रे नाही आणायचे, बातमी पण आणायचे. "सिस्टर, ते अँटिबायोटिक, मेरोपेनेम, संपलंय, उद्या दुपारी येणार, डॉक्टरांना विचारून दुसरं लिहून घ्या." आता स्क्रीनवर नुसतं पेंडिंग. का पेंडिंग, कधीपर्यंत पेंडिंग, कोणाला विचारायचं? फार्मसीला वाटायचं वॉर्डाला दिसतंय, वॉर्डाला वाटायचं फार्मसी पाठवतेय. माझ्या मते पहिल्या दोन महिन्यांत जेवढे डोस चुकले त्यातले बरेच या मामांच्या न झालेल्या फेऱ्यांमुळे चुकले.

स्टॉकचा हिशोब जुळावा म्हणून वॉर्ड स्टॉकही काढून घेतला. त्यातले पोटॅशियम क्लोराईडचे अँप्यूल गेले ते उत्तमच झालं, दहा मिलीचं केसीएल (तेच पोटॅशियम, थेट शिरेत टोचलं तर जीव घेणारं) आणि दहा मिलीचं डिस्टिल्ड वॉटर एका ड्रॉवरमध्ये ठेवणं म्हणजे विस्तवाशी खेळ होता. पण त्याबरोबर फ्युरोसेमाइड, हायड्रोकॉर्टिसोन पण गेलं. पेशंटला दम लागलाय आणि आम्ही लिफ्टची वाट बघतोय.

दोन महिन्यांनी रिव्ह्यू मीटिंग झाली तेव्हा वातावरण असं की एकतर हे बंद होईल नाहीतर अर्धा स्टाफ सोडून जाईल. तिथे आमच्या एका तरुण डॉक्टरने, जो तोपर्यंत गप्पच असायचा, एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत पिट्सबर्गच्या लहान मुलांच्या हॉस्पिटलमध्ये असंच कंप्युटरवर ऑर्डर टाकणं सुरू केलं, आणि २००५ मध्ये तिथल्याच डॉक्टरांनी पेपर छापला की दुसरीकडून ट्रान्सफर होऊन आलेल्या मुलांमधले मृत्यू २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेले. कारणं वाचून मला काटा आला. पेशंट दारात पोचल्याशिवाय ऑर्डर टाकता येत नव्हती, आयसीयूतली औषधं काढून सेंट्रल फार्मसीत नेलेली, नर्स आणि डॉक्टर बेडजवळ एकमेकांशी बोलायचं सोडून स्क्रीनशी बोलायला लागले. आमचंच वर्णन की हो! मग तो म्हणाला की पुढच्याच वर्षी सिएटलच्या मुलांच्या हॉस्पिटलने तेच सॉफ्टवेअर वापरून दाखवलं, तिथे मृत्यू वाढले नाहीत, कारण त्यांनी ऑर्डरचे सेट, म्हणजे नेहमी लागणाऱ्या ऑर्डरींच्या तयार याद्या, आधी बनवले होते आणि बेडजवळच्या लोकांना आधीपासून घेतलं होतं. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनायमध्ये तर २००३ मध्ये डॉक्टरांनी एवढा गोंधळ घातला की सिस्टिम बंदच ठेवायला लागली. हे ऐकून आमचे सीनियर सर पहिल्यांदा हसले. "म्हणजे मी एकटा खडूस नाही."

त्या मीटिंगमध्ये मेट्रन मॅडमनी जे मागितलं ते मला अजून आवडतं. नवीन मॉड्यूल नाही, जादा लॅपटॉप नाही. त्या म्हणाल्या, आयटीचा एक माणूस आणि फार्मसीचा एक माणूस, सात रात्री, मेल मेडिसिनमध्ये खुर्ची टाकून बसेल. काही शिकवायचं नाही, नुसतं बघायचं.

आयटीचा मुलगा आला, पहिल्या रात्री कानात इअरफोन. दुसऱ्या रात्री त्याने बघितलं की अकरा नंबरच्या बेडला लिफ्टच्या भिंतीमुळे वायफायच येत नाही आणि सिस्टर ट्रॉली ढकलत दरवाजापर्यंत जाऊन सेव्ह करून परत येते. तिसऱ्या रात्री पहाटे चारला त्यानेच ट्रेमधले जादा बँड बघितले. मला वाटलं आता रिपोर्ट करणार. तो म्हणाला, "सिस्टर, हे तुम्ही किती दिवस करताय? मला आधी सांगितलं असतं तर बँडचा कागदच बदलला असता." आणि खरंच बदलला, पाण्यात न विरघळणारा आणला. वायफायचा डबा पण लागला.

मग एकेक होत गेलं, सगळं नाही. ऑर्डर टाकताना "पहिला डोस आत्ता" अशी खूण आपोआप येऊ लागली, नको असेल तर डॉक्टरने काढायची. मेथोट्रेक्सेटला ओडी पर्यायच ठेवला नाही. अलर्ट कापून ॲलर्जी, डबल ऑर्डर, रक्त पातळ करणारी औषधं आणि अजून थोडे गंभीर एवढेच ठेवले. सीनियर सरांसाठी ठरलं की आरएमओ स्वतःच्या नावाने टाकेल आणि सर चोवीस तासांत मोबाईलवर मंजूर करतील, पासवर्डचा कागद त्याच दिवशी फाडला. फार्मसीने कापलेल्या गोळ्या छोट्या पाकिटात, लेबल लावून पाठवायला सुरुवात केली, त्यासाठी एक मुलगी जादा घेतली. वॉर्ड स्टॉकची सतरा औषधांची यादी भांडून परत मिळवली. आणि मामांना फार्मसीत बसवलं, पेंडिंगच्या यादीचे फोन करायला. मामांचा आवाज मोठा, सगळ्या वॉर्डांना ऐकू जातो, फोन नसता तरी चाललं असतं.

टीडीएस, म्हणजे दिवसातून तीनदा, हे सहा-दोन-दहा ठेवायचं की आठ-दोन-आठ यावर मात्र दीड तास भांडण झालं. सकाळी सहाला ब्लडची सॅम्पलं, शुगर, हँडओव्हरची तयारी, सगळं एकदम. ज्यांनी आयुष्यात कधी नाईट केली नाही ते सहाला मत देत होते. शेवटी अँटिबायोटिकला सहा-दोन-दहा आणि बाकी गोळ्या जेवणाप्रमाणे असं ठरलं, अजूनही कुरकुर आहेच.

मला जुनं परत हवंय का? अजिबात नाही. अक्षर लावत बसायचं नाही, कार्डेक्स उतरवायचं नाही, रात्रीचा तासभर वाचतो. पण ऑर्डर बदलली की पूर्वी आरएमओ हाक मारायचा, आता तो बदलून निघून जातो आणि मला स्क्रीनवरून कळतं. त्यामुळे आमच्या वॉर्डात आम्ही नियम केलाय, औषध बंद केलं तर तोंडाने सांगायचं. कुठल्याच एसओपीत नाही ते.

गेल्या महिन्यात डाऊनटाईमचं ड्रिल होतं. सर्व्हर मुद्दाम दोन तास बंद, लाल फाईलमधले छापील चार्ट काढायचे आणि हाताने लिहायचं. दीड वर्षापूर्वी लागलेली एक मुलगी, कामाला एकदम चलाख, पेन घेऊन नुसती बसून राहिली. तिने ट्रीटमेंट शीट कधी लिहिलंच नव्हतं. मी म्हटलं लिही गं, काय अवघड आहे, स्क्रीनवर दिसतं तेच. तिने लिहिलं, आणि मी वाकून बघितलं तर इन्सुलिन, दहा, आणि पुढे इंग्रजी यू, वरून मिटलेला. ड्रिल होतं म्हणून काही नाही. मी तिच्या हातातलं पेन घेतलं, ती ओळ खोडून बाजूला सही केली आणि तिला म्हटलं, खुर्ची ओढ, बस इथे.